सुनंदाताईंनी रोखलेले उड्डाण

सुनंदाताईंना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या मुद्दाम खोकत होत्या. ऑकलंडबाहेरच्या आमच्या वैमानिक-शाळेत चीनहून आलेल्या प्रशिक्षणार्थींचे इंग्रजी उच्चार घडवण्यासाठी माझी नेमणूक झाली होती. ध्वनिशास्त्रातील डॉक्टरेट आणि पुण्यातील अध्यापन पाठीशी होते. विभागप्रमुख सुनंदाताई नियंत्रकाच्या भूमिकेत माइकवरून सूचना देत होत्या आणि नेमका उंचीचा आकडा खोकल्यात बुडवत होत्या. समोर चेन नावाचा विद्यार्थी होता. "रॉजर," म्हणजे 'समजले', असे तो शांतपणे म्हणाला. इतका निर्दोष उच्चार त्या वर्गात मी दुसरा ऐकला नाही.

ताईंनी त्याचे पहिले एकट्याचे उड्डाण तिथेच रोखले.

मी सुन्न झाले. मुदतीत एकट्याने उडता आले नाही, तर चेनला कायमचे मायदेशी परतावे लागणार होते.

"अहो ताई, वर्गात सगळ्यांत चांगलं हाच बोलतो."

"बोलतो ना. पण आकडा त्याला ऐकूच आला नाही, आणि विचारायला तो धजला नाही. शिक्षिकेला पुन्हा बोलायला लावणं त्याला उद्धटपणा वाटतो. आपल्याकडे तरी कुठे वेगळं आहे? पण आभाळात असला मान मला नको."

त्या शनिवारी ताई त्याला सँडरिंगहॅम या ऑकलंडच्या उपनगरातल्या एका उपाहारगृहात घेऊन गेल्या, मलाही नेले. मालकांना आधीच बजावले होते की भरभर बोला. त्यांनी एका दमात काहीतरी विचारले, चेन न कळताच नेहमीच्या अदबीने "रॉजर" म्हणाला आणि समोर तळलेल्या मिरच्यांची बशी आली.

"खा आता. हो म्हणालास ना?"

डोळ्यांतले पाणी पुसत त्याने बशी संपवली. पुढच्या पदार्थाला मात्र पुटपुटला, "से अगेन, प्लीज."

"प्लीज नको. रेडिओवर तेवढी सवड नसते."

पुढे वर्गात नियमच झाला: ताईंना बोलता बोलता मध्येच अडवल्याशिवाय कुणी घरी जायचे नाही. शिस्तीच्या माझ्या कल्पनांना तो उघड धक्का होता.

मुदत संपता संपता ताईंनी चेनला परवानगी दिली. आम्ही दोघी रेडिओ घेऊन कुंपणापाशी उभ्या होतो. तो उतरण्याच्या बेतात असताना नियंत्रक घाईघाईने काही बोलले. मग चेनचा आवाज आला, "से अगेन." नियंत्रकांनी त्रासिकपणे, तितक्याच वेगाने सूचना पुन्हा दिली. आता हा रॉजर म्हणणार, या भीतीने मी रेडिओ कानाशी नेला.

"से अगेन."

तिसऱ्यांदा सूचना सावकाश आली: उतरू नका, धावपट्टीवर विमान अडकले आहे. चेनने ती शब्दशः परत म्हटली आणि त्याचे विमान वर उचलले गेले. ताईंनी कुंपणाची तार सोडली तेव्हा त्यांच्या तळव्यांवर वळ उमटले होते.

उच्चारांत तडजोड नसावी, हे माझे मत आजही कायम आहे. त्या दिवशी चेनचे उच्चार पार विस्कटले होते. असे सदोष इंग्रजी ऐकून माझे डोळे भरून येतील, असे कुणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता.

तो खाली उतरल्यावर ताई भान विसरून मराठीतच म्हणाल्या, "चल घरी, जेवायला."

"से अगेन, ताई," चेन म्हणाला.

सुनंदाताई आज साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, आवाज खणखणीत राहो, आणि त्यांना मध्येच अडवणारी मुले पुढची कित्येक वर्षे त्यांच्या वर्गात येत राहोत.