अडीच वाजता लाइन कुठे जाते

सुईमावशीचे हात गप्प बसत नाहीत. अडकलेलं कुलूप, हट्टी नळ, बंद घड्याळ, जे दिसेल ते उघडायचं. एकदा दवाखान्यात नंबर लावून बसली होती, तेवढ्यात बाईने तिथल्या वजनकाट्याचं झाकण काढलं. डॉक्टर ओरडले, पण काटा तेव्हापासून खरं सांगायला लागला.

धंदा शिलाई मशीन दुरुस्तीचा. थोरली बहीण कपडे शिवते, तिच्या घराची पुढची खोली हेच मावशीचं दुकान. मावशी मशीन आधी उघडत नाही, हाच काय तो अपवाद. आधी ऐकते. चाक फिरवते, मान वाकडी करते आणि सांगते, "शटल झिजलंय." शटल म्हणजे मशीनच्या पोटातला, खालचा दोरा धरणारा भाग. नव्वद टक्के तेच निघतं. उरलेल्या दहा टक्क्यांत ती तुमच्याशी भांडते.

सहा वर्षांपूर्वी तिने हे आवाज फोनवर रेकॉर्ड करायला घेतले आणि एका वेबसाइटवर टाकले. वर आवाज, खाली कुठला स्क्रू किती फिरवायचा ते. चारशे बारा आवाज जमले. लांबलांबच्या शिवणाऱ्या बायका, ज्यांच्याकडे मिस्त्री दोन-दोन महिने फिरकत नाही, त्या आपलं मशीन चालवून बघतात, साइटवर आवाज जुळवतात आणि स्वतःच दुरुस्त करून मोकळ्या होतात. कुणाची फी नाही, काही नाही. असं काम करणारी दुसरी बाई दाखवा मला.

आणि मग तो मेल आला. साइट जिथे भाड्याने ठेवली होती, ती होस्टिंग कंपनी गाशा गुंडाळत होती. नऊ दिवसांत आपलं सामान उचला, नाहीतर सगळं पुसलं जाईल. मूळ आवाज ज्या फोनमध्ये होते तो फोन कधीच बादलीत पडून मेला होता. म्हणजे जे होतं ते तिथेच.

मावशी आवाज उतरवून घ्यायला बसली; जुनी साइट इतकी मंद, की सगळं उतरायला दीड दिवस लागणार होता. दुपारी अडीचला इंटरनेट गेलं. साडेतीनला आलं. अर्धवट उतरलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी तेच.

ताई म्हणाली, "अगं, दुसऱ्या कंपनीचंही घे. एक गेलं तर दुसरं."

पटलं. दुसऱ्या कंपनीचा माणूस आला, भिंतीला भोक पाडून, वायर ओढून गेला. आता टेबलावर दोन राउटर, दोन हिरवे दिवे. ठीक अडीचला दोन्ही लाल.

"झालं!" ताईने कपाळावर हात मारला. "हौसेने दोन नवरे केले आणि दोघेही एकाच वेळी झोपले."

दुसरं कुणी असतं तर चिडलं असतं. मावशीचे डोळे चमकले. "दोन वेगळ्या कंपन्या, आणि वेळ एकच? कशी काय?"

तिने चपला घातल्या आणि वायरीच्या मागे निघाली. आकाशाकडे बघत चालणारी बाई म्हटल्यावर रस्त्यावरचे लोकही वर बघायला लागले. एका सायकलवाल्याने विचारलं, "मावशी, पतंग हरवला का?" ती म्हणाली, "हो, तू शेपूट शोध." दोन्ही वायरी खिडकीतून निघाल्या, कोपऱ्यावरच्या खांबावर गेल्या, तिथून छापखान्याच्या भिंतीवर. तिथे एक करडी पेटी, दोन्ही वायरी तिच्याच पोटात. पेटीतून एक तिसरी वायर खिडकीतून थेट आत. छापखान्याला कुलूप.

मावशी पायरीवर बसून राहिली. साडेतीनला छापखानावाला जेवून आला, कुलूप उघडलं, मेन स्विच वर केला. पेटीतला दिवा लागला.

"जेवायला जाताना तुम्ही मेन बंद करता?"

"करणारच! आत कागदाचे गठ्ठे आहेत. एक ठिणगी पडली तर होळी व्हायची."

"आणि ती पेटी तुमच्या बोर्डावर चालते?"

"कुठली पेटी?" त्याने बाहेर येऊन पाहिलं. "ही? ही तर आधीच्या मालकाच्या वेळची. मला वाटलं, विजेचीच काहीतरी असेल."

सगळी गल्ली रोज दुपारी तासभर कंपन्यांना शिव्या घालत होती, आणि कुणी इथपर्यंत चालत आलं नव्हतं.

मावशीने दोन्ही हेल्पलाइनना फोन केला. पहिला म्हणाला, "राउटर बंद करून चालू करा." ती म्हणाली, "अरे बाबा, छापखाना बंद होतो, राउटर नाही." तो म्हणाला, "मग दोनदा करा." दुसरीकडच्या माणसाने विचारलं, "कुठली भिंत म्हणालात?" दुसऱ्या दिवशी तो शिडी घेऊन स्वतः आला आणि पेटीत आपल्या कंपनीच्या भागाला बॅटरी बसवून गेला. अडीचला एक दिवा लाल, एक हिरवा. लाल राउटर मावशीने त्याच दिवशी परत पाठवला.

आता साइटला नवी जागा हवी होती. चार होस्टिंग कंपन्यांना तिने एकच प्रश्न विचारला, "मला उद्या सोडून जायचं झालं, तर माझं सामान कसं न्यायचं?" एकाने सवलत सांगितली. एकाने आणखी मोठी सवलत सांगितली. तिसऱ्याने साहेबांना विचारतो म्हटलं, साहेब अजून सापडायचेत. चौथ्याकडची मुलगी हसली. "मावशी, यायच्या आधीच जायचं विचारताय?"

"भाड्याची खोली बघताना मागचं दार बघतेच ना मी."

"मग ऐका. एक बटण आहे, सगळं एका गठ्ठ्यात उतरतं. रोजची एक नक्कल आम्ही दुसऱ्या शहरात ठेवतो. तरी तुमची एक घरी ठेवाच, आमच्यावर विसंबू नका."

आमच्यावर विसंबू नका म्हणणारा दुकानदार मावशीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. तिथेच ठरलं.

शेवटच्या दिवशी दुपारी चारला सगळे आवाज नव्या जागी पोहोचले. मावशीने एकेक वाजवून बघितला. ताई काजं करता करता ऐकत होती. दोनशे सदतिसावा वाजलाच नाही. फाइल रिकामी. उतरवताना कधीतरी तुटली असणार. जुन्या जागेवर बघायला गेली तर तिथे टाळं पडलेलं.

"एकच गेला गं," ताई म्हणाली. "चारशे अकरा आहेत की."

"ज्या बाईच्या मशीनला तोच रोग असेल, तिला चारशे अकरांचं काय करायचंय?"

तिने त्या आवाजाखालचं वाचलं, 'झिजलेलं शटल', आणि भंगाराचा डबा टेबलावर पालथा केला. झिजलेली शटलं वेगळी काढली, आठ निघाली. मग ताईचं मशीन पुढे ओढलं आणि त्यातलं चांगलं शटल काढायला लागली.

"अगं ए! नीट चालणारं मशीन बिघडवतेस? उद्या द्यायचे ब्लाउज आहेत माझे!"

"चाक फिरव."

ताईने तोंड वाकडं करून फिरवलं. पहिलं शटल नुसतं कुरकुरलं. दुसऱ्याने दोरा तोडला. तिसरं, चौथं, नाही. पाचव्याला मशीनने दर फेरीला खट्ट-खर्र असा आवाज काढला. मावशीची मान आपोआप वाकडी झाली.

"थांबू नकोस," ती म्हणाली आणि फोन मशीनच्या पोटाशी धरला. "असंच, बिघडलेलं चालू दे."