सलग तीन चुका

बालमानसशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या माणसाकडे निष्कर्ष साठायला हवेत. माझ्याकडे किस्सेच साठले! निष्कर्षांवर सह्या केल्या, पण आता त्यांची खात्री वाटत नाही. म्हसळ्याला दर गुरुवारी शाळेच्या एका खोलीत मी आणि माझ्या मदतनीस नीलमताई मुलांचं लक्ष, स्मरण, नियोजन तपासायचो. मूल गावच्या शाळेत राहणार की खास वसतिगृहात जाणार, हे माझ्या रिपोर्टवर ठरायचं.

*

एका मुलाला सांगितलं, स्क्रीनवर तारा दिसला की बटण दाब. तो खिडकीबाहेरच बघत बसला.

"अरे, लक्ष कुठाय तुझं?"

"सर, म्हैस व्यायला अडलेय! तिच्या मालकाला हाक मारा!"

नीलमताई धावल्या. म्हैस वाचली. मी कागदावर लिहिलं, 'लक्ष विचलित.'

*

एका बापाला समजावत होतो. पोराला सगळं कळतं, पण हात आवरत नाही, हातातलं काम पुरं होत नाही. हा वांडपणा नाही, मेंदूची घडणच तशी आहे.

तो मोठ्यांदा हसला. "म्हंजे माझ्यावरच गेलाय! मला कोणी तपासला न्हाय, सर. नुसता हाणला!"

हसत हसत बाहेर गेला, तो बराच वेळ आत आलाच नाही.

*

एकदा विचारांच्या तंद्रीत मी म्हसळ्याऐवजी तळा गावच्या एसटीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "सर, बोर्ड वाचला न्हाय व्हय?"

म्हसळ्याला पोचलो तर दुपार. तीन आया मुलांना घेऊन सकाळपासून ताटकळलेल्या. नीलमताई म्हणाल्या, "सर, तुमचा रिपोर्ट कोण लिहिणार?"

*

सायली दहा वर्षांची. हेडमास्तर म्हणाले होते, "बुद्धी कमी निघाली तर वसतिगृहात पाठवू." तिची आई रेखा दारातच म्हणाली, "सर, घरापासून तोडू नका तिला."

आमचा नियम असा: प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे न्यायचे, आणि सलग तीन चुकले की चाचणी थांबवायची. सायली पंख्याकडे बघत पहिले तीन चुकली. मी पुस्तिका मिटली.

"सर, पुढचे विचारा ना! सोप्यात माझं डोकं पळून जातं."

"नियम आहे, बाळ."

मायलेकी एसटीची वाट बघत अंगणात बसल्या होत्या. नीलमताईंनी तिथंच तिला उरलेले प्रश्न विचारले आणि कागद नाचवत आत आल्या. "सर, अवघड सगळे बरोबर! हे बघा!"

मी नुकतीच सही केली होती.

"नियमात बसत नाही," मी म्हटलं.

*

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहातून आलेली सायली स्टँडवर दिसली, आईशेजारी. घट्ट वेण्या, हात मांडीवर, नजर समोर. हलत नव्हती.

"बघा सर, किती शांत झालेय!" रेखा म्हणाली. पण हसली नाही.

मी सायलीला विचारलं, "काय शिकवतात गं तिथं?"

"सोपंच असतं सगळं, सर."