हळद न लागलेल्या हातातला कॅमेरा

इंझोरीच्या रुख्मिणीबाईनं कॅमेरा घेतला तो हौसेनं नाही, रागानं घेतला. राग चार वर्षांचा होता. इतका जुना राग घरातल्या माणसासारखाच होऊन जातो. त्याला वेळेवर खाऊ घालावं लागतं, नाहीतर तो रुसतो. रुख्मिणीनं त्याला एक दिवसही उपाशी ठेवलं नव्हतं.

राग जावेवर होता. रुख्मिणी थोरली, सुंदरबाई धाकटी. रुख्मिणीचा नवरा अकरा वर्षांपूर्वी वावरात मोटर सुरू करायला गेला, तो तिथंच गेला. दीर इंद्रभान माणूस वाईट नव्हता. शेत एकत्र ठेवलं, चूल एकत्र ठेवली. फक्त रुख्मिणीची खाट मागच्या खोलीत, म्हशीच्या कोठ्याशेजारी गेली. तिथं बोलायला कोणी नाही, म्हणून रुख्मिणी कामाशी बोलायला लागली. भांडं घासताना भांड्याला, म्हैस पिळताना म्हशीला, काही ना काही ऐकवत राहायची. तिचे ओठ हलतात हे साऱ्या गावाला माहीत होतं. तिला स्वतःला तेवढं माहीत नव्हतं.

चार वर्षांपूर्वी सुंदरबाईच्या पोराचं, ऋषिकेशचं लग्न झालं. हा पोरगा सहा महिन्यांचा असताना सुंदरबाई टायफॉइडनं दोन महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा त्याला वाटीचमच्यानं दूध पाजून वाढवला तो रुख्मिणीनं. आणि त्याच पोराच्या हळदीत सुंदरबाई शूटिंगवाल्याच्या कानाशी लागली. "ते मोकळ्या कपाळाची बाई हाये ना, तिले मधात घेऊ नको बरं. पोराचं लगन हाये."

रुख्मिणी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. हातात वरणाची बादली होती, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

त्या लग्नाचा व्हिडिओ दोन तासांचा निघाला. त्यात गावची कुत्री तीनदा आहेत. मांडवाचा खांब तर इतक्या वेळा आहे की पाहणाऱ्याला तो नवरदेवाचा मामा वाटावा. रुख्मिणी कुठंच नाही. पंगतीच्या वेळी एक कोपर येतं आणि जातं, तेवढं तिचं. पाहुणा आला की सुंदरबाई टीव्हीवर तोच व्हिडिओ लावायची, आणि पाहुणा विचारायचा, "मोठ्या बाई नव्हत्या का लग्नाले?"

"होती ना. कामात होती," सुंदरबाई म्हणायची.

एवढंही रुख्मिणीनं गिळलं असतं. पण यंदा राखीचं, म्हणजे सुंदरबाईच्या पोरीचं, जऊळक्याला जमलं. जावयाचा बाप नव्हता. साखरपुड्याला विहीणबाई एकट्या आल्या, मोकळ्या कपाळाच्या, आणि सुंदरबाईनं त्यांना सोफ्यावर मधोमध बसवलं. खांद्यावर शाल घातली. फोटोवाल्याला म्हणाली, "आमच्या विहीणबाईचे चांगले काढजो, चारी बाजूनं."

रुख्मिणी चुलीपाशी होती. ती तव्याला म्हणाली, "हिचा नवरा का बजारातून वापस आला काय? हे चालते, मी नाई चालत?" तवा काय बोलणार. पण त्याच दिवशी तिच्या मनात बेत शिजला.

बेत साधा होता. शूटिंगवाला फक्त लग्नाच्या दिवशी यायचा होता. हळद घरची, बायाबायांची, आणि हळदीत प्रत्येकीचे हात कोपरापर्यंत तेलानं आणि हळदीनं भरलेले. फोनला हात कोण लावणार? सगळ्यांचे फोन डब्यात बंद राहतात. हळद लावायची नाही अशी एकच बाई असते, तिचेच हात कोरडे. तिच्याजवळ कॅमेरा असला तर नको कोण म्हणेल? आणि तिनं काढलेल्या व्हिडिओत नवरीची माय औषधालाही दिसली नाही, तर कोण काय करणार?

आठ दिवसांनी ती मंगरूळपीरला गेली. बसस्टँडच्या मागं बबलूचं दुकान आहे. चार्जर, कव्हरं, खेळणी, घड्याळं, सगळं एका काचेत. रुख्मिणीनं सांगितलं, "खिशात राह्यल असा कॅमेरा पायजे. पिक्चर बी निघाला पायजे."

"मावशी, फोनच घ्या ना. त्यातच सगळं येते."

"फोनवर लोकं बोलतात. मले कोणासंग बोलाचं नाई."

बबलूनं साबणाच्या वडीएवढा एक काळा कॅमेरा काढला. किंमत म्हणाल तर एका पाठीच्या, म्हणजे शेळीच्या मादी पिल्लाच्या, मोलाची, आणि पाठही दुबळीच. रुख्मिणीनं तो बाजारात वांगं पारखावं तसा पारखला. दाबून पाहिला, उलटा केला, कानाशी हलवून पाहिला. मग त्याला घेऊन सरळ दुकानाबाहेर उन्हात गेली. बबलू मागं मागं.

"याच्यात तर काईच दिसत नाई."

"उन्हात काचेवर नाई दिसत मावशी. हाताचा आडोसा करा. आत बराबर येते."

"मंग काचेवर काहून नाई येत?"

"स्वस्तातला हाये ना."

हे उत्तर तिला पटलं. खोटं बोलला नाही म्हणून तिनं घेतला. वर एक पट्टा मागून घेतला, मनगटाला अडकवायचा.

पुढचे वीस दिवस तिनं त्या कॅमेऱ्याची अशी परीक्षा घेतली की सुनेची कोणी घेतली नसेल. कोंबड्या काढल्या, तर पळणाऱ्या कोंबडीला शेपटासारखा धूर निघाला. म्हणजे पळत्या माणसामागं लागायचं नाही, बसलेल्याला धरायचं. कोठ्यात म्हैस काढली, तर अंधारात म्हशीवर ज्वारीचं पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं. म्हणजे हळद अंगणातच झाली पाहिजे. लांबचं जवळ आणायचं बटण दाबलं की चेहरा ओल्या फडक्यासारखा व्हायचा, म्हणून त्या बटणाचं नाव तिनं टाकलं. फार जवळ गेलं तरी धुरकट, दोन हातांवरून मात्र स्वच्छ. पातीवरचा मुंगळासुद्धा एकदा नीट आला. बॅटरी पाऊण तासाची. पुरणाच्या वीस पोळ्या होईपर्यंत टिकायची, एकविसाव्या पोळीला डोळा मिटायची.

काढलेलं त्याच्या काचेवर पाहता यायचं, पण मुकं. आवाज नाही. रुख्मिणीनं ठरवलं की आवाज महागाच्या कॅमेऱ्यात येत असेल, हा मुका आहे. तिला त्याचं काही वाटलं नाही. सुंदरबाईचा आवाज तसाही कोणाला पाहिजे होता?

तर खरं असं होतं की तो कॅमेरा मुका होता, बहिरा नव्हता. त्याला बोलायला तोंड दिलं नव्हतं, एवढंच. ऐकत तो सगळं होता, आणि आतल्या आत साठवत होता. टीव्हीला जोडला की तो बोलणार होता. हे बबलूनं सांगितलं नाही, कारण तिनं विचारलं नाही.

हळदीच्या दिवशी सगळं तिच्या मनासारखं झालं. फोन डब्यात गेले. राखी पाटावर बसली आणि म्हणाली, "अवं, कोणीतरी शूटिंग काढा ना."

"मीनं आणला हाये कॅमेरा," रुख्मिणी म्हणाली.

सुंदरबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं. बाई कॅमेऱ्यामागं असली तर कॅमेऱ्यापुढं येणार नाही, हा हिशोब तिलाही लगेच जमला. ती गोड हसली. "काढा ना बाई. तुमचे हात कोरडेच हायेत."

पाऊण तास रुख्मिणीनं काढलं. दोन हातांवरून, बसलेल्यांचं, अंगणातल्या उजेडात. राखी आली, मावशा आल्या, सून आली, पाटाभोवतीची रांगोळी आली. सुंदरबाई डावीकडून आली की कॅमेरा उजवीकडं वळायचा. ती उजवीकडं गेली की कॅमेरा आंब्याच्या तोरणाकडं बघायचा. नवरीला मायनं हळद लावायची वेळ आली, तेव्हा रुख्मिणीनं कॅमेरा खाली केला आणि राखीचे पाय काढले. सुंदर आले पाय. आणि हे सगळं करताना तिचे ओठ, सवयीप्रमाणं, हलत होते.

लग्न लागलं, पोरगी जऊळक्याला गेली. पाचव्या दिवशी मांडवपरतणीला नवरानवरी, विहीणबाई, त्यांच्या दोन नणंदा असे सगळे इंझोरीला आले. दुपारची जेवणं झाली. शूटिंगवाल्याचा व्हिडिओ अजून महिनाभर यायचा नव्हता. राखी म्हणाली, "तोवर मोठी मायनं काढलेली हळद पाहू."

रुख्मिणीला हेच पाहिजे होतं. ती दाराशी, जिथून सुंदरबाईचं तोंड नीट दिसेल अशा जागी उभी राहिली. ऋषिकेशनं वायर टीव्हीला जोडली.

आधी राखी दिसली. आणि लगेच रुख्मिणीचा आवाज आला, साऱ्या घरात, चुलीपासून अंगणापर्यंत. कॅमेरा धरणाऱ्याचं तोंड कॅमेऱ्याला सगळ्यात जवळ, त्यामुळं गाणी मागं आणि ती पुढं.

"आली का भवानी. ये, ये. तिकडून ये, मी इकडं वळतो."

कोणाला काही समजलं नाही. नणंदा एकमेकींकडं पाहायला लागल्या. 

"हास. सगळी बत्तीशी काढून हास. एक दात बी नाई येऊ देत मी. तुह्या पदराचा काठ बी नाई येऊ देत."

सुंदरबाई आतापर्यंत टीव्हीत स्वतःला शोधत होती. तिनं शोधणं थांबवलं.

"ऋषीच्या हळदीत म्हणे मोकळ्या कपाळाची बाई मधात घेऊ नको. दोन हातांवर उभी होती मी, सुंदरे. वरण घेऊन उभी होती. तू अंथरुणात फणफणत होती तव्हा पोराच्या तोंडात चमचा कोणाचा होता? तव्हा हाच हात चालला तुले."

"बंद कर ते," सुंदरबाई म्हणाली.

ऋषिकेशचा हात रिमोटवर गेला आणि तिथंच राहिला. त्यानं मायकडं पाहिलं, मग दाराकडं. हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"अन् विहीणीले सोफ्यावर. तिचं कपाळ का वेगळ्या लाकडाचं हाये? तिले शाल अन् मले बादली. थांब. थांब जरा. पोरीले हळद लावाले आली. लाव. पाय घेतो मी पोरीचे, तुहा हात नाई घेत."

पडद्यावर राखीचे पाय होते. 

ऋषिकेशनं मग बंद केलं. कोणीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलल्या त्या विहीणबाई. त्या सोफ्यावरच बसल्या होत्या, मधोमध. त्यांनी खांद्यावरचा पदर नीट केला आणि अगदी सावकाश विचारलं, "मंग सुंदरबाई, माह्ये फोटो चारी बाजूनं काहून काढाले लावले होते?"

 याला उत्तर एकच होतं, की तुम्ही पोरीच्या सासूबाई आहात, पण ते तोंडावर कसं सांगणार? सुंदरबाई उठली आणि चहा ठेवायला गेली. चहा आत्ताच झाला होता.

विहीणबाई उठून दाराशी आल्या. रुख्मिणीला म्हणाल्या, "आमच्या घरच्या हळदीत मी बी कोठीत बसली होती. कोणी म्हटलं नव्हतं, मीच बसली. कॅमेरा घ्याचं नाई सुचलं मले."

रुख्मिणीला लाज वाटायला पाहिजे होती, आणि आधी वाटलीही. पण लाज उतरली तेव्हा खाली जे सापडलं ते भलतंच गार आणि गोड होतं. तिच्या बेतात सुंदरबाई फक्त दिसणार नव्हती. का दिसत नाही, हे या मुक्या कॅमेऱ्यानं पाहुण्यांसमोर सांगून टाकलं होतं. एका पाठीच्या मोलात एवढं काम कोणाकडून झालं असतं?

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले आणि सुंदरबाई मागच्या खोलीत आली. अकरा वर्षांत ती या खोलीत म्हशीच्या दुधासाठी सोडून आली नव्हती. बसली नाही, उभीच राहिली.

"बाई, ते मिटवून टाका."

"मिटवतो ना. बटण हाये त्याले."

"मंग दाबा."

"आधी माहा काढ."

"काय?"

"माहा पिक्चर. दोन तासाचा तुह्या पोराचा हाये, त्यात मी नाई. याची बॅटरी पाऊण तासाची. तेवढाच काढ. मी कमीत राजी हाव."

सुंदरबाईनं इकडंतिकडं पाहिलं. घरात इंद्रभान होता, तो वर्तमानपत्र उलटं धरून बसला होता. ऋषिकेश होता. दोघांपैकी कोणी मधात पडेल असं वाटेना. ऋषिकेशनं तर न सांगता समोरच्या खोलीतला सोफा खिडकीच्या उजेडाकडं ओढला.

रुख्मिणीनं ट्रंकेतलं जांभळं लुगडं काढलं. नीट निऱ्या पाडून नेसली, सोफ्यावर मधोमध बसली, आणि कॅमेरा सुंदरबाईच्या हातात दिला. पट्टा स्वतः तिच्या मनगटात अडकवला.

"दोन हातांवरून धर. लांबचं बटण दाबू नको, तोंड खराब येते. हात हालू देऊ नको."

सुंदरबाईनं धरला. पाच मिनिटांत तिचा खांदा भरून आला. दहा मिनिटांत तिनं दुसऱ्या हातानं मनगटाला आधार दिला. तिच्या मनात काय काय येत होतं ते तिच्या तोंडावर येत होतं, आणि ओठांपर्यंत येऊन परत जात होतं. कॅमेऱ्याला कान आहेत हे आता साऱ्या घराला माहीत होतं.

रुख्मिणी हलली नाही, हसली नाही. सोफ्याच्या दोन्ही हातांवर दोन्ही हात ठेवून ती सरळ कॅमेऱ्यात पाहत राहिली. मधेच एकदा म्हणाली, "डाव्या बाजूनं बी घे. चारी बाजूनं पायजे."

सुंदरबाई डाव्या बाजूला गेली.