राखेचा डबा

"मिस्त्रीचा हात आता थकला हो, आबा. त्याला डोळ्यांनी दिसत नाही, पण सांगायचं कोणी?"

ओसरीवर कंपाउंडर आबांना सांगत होता. मी आतल्या खोलीत दाराआड उभी होते. मिस्त्रीचा हात थकला नव्हता, आणि हे मला ठाऊक होतं.

आबा, माझे वडील, धुळ्याला गुरांचे डॉक्टर होते. साक्रीच्या पुढच्या डोंगरी गावांत बुळकांडीची लस टोचायला ते लष्करातून मोडीत निघालेल्या मोटारसायकलवर जात. गाडी जुनी, पेट्रोल फार पिई, आणि त्या बाजूला पंप नव्हता. तिच्यासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक मी आबांना वाचून दाखवत असे: वेग हळूहळू वाढवावा, चाकांत हवा पुरेशी ठेवावी. आबा तसं करत आणि आल्यागेल्याला सांगत, "आमच्या पोरीमुळे गाडी चार मैल जास्त जाते." मला इंग्रजीच काय, घरात मराठी वाक्यसुद्धा आधी मनात जुळवून मग बोलायची सवय होती. ते कौतुक मात्र मी मुकाट्याने घेई.

तरीही पेट्रोल पुरेना. तेव्हा दवाखान्याची पत्र्याची कामं करणाऱ्या मिस्त्रीने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मागच्या चाकाशेजारी बसेल असा चपटा डबा केला आणि खाली पितळी तोटी लावली. टाकी संपली की तोटी उघडून डब्यातलं पेट्रोल टाकीत ओतायचं. सांधे झाळून झाल्यावर त्याने डब्यात पाणी भरलं, सांध्यांवर चुलीतली राख फासली आणि अर्धा दिवस आमच्या अंगणात बसून राहिला. राख ओलीने कुठेही काळी पडली नाही, तेव्हाच त्याने चहाला हात लावला.

दौऱ्याच्या आदल्या दुपारी मोटारसायकलजवळून जाताना साखळीचं तेल माझ्या पांढऱ्या लुगड्याला लागलं. आईच्या नजरेला पडायच्या आत डाग काढावा म्हणून मी भरलेल्या डब्याची तोटी उघडून पेट्रोलमध्ये चिंधी भिजवली. तेवढ्यात कंपाउंडरच्या चपला वाजल्या. मी घाईत तोटी फिरवली आणि आत पळाले. संध्याकाळी डब्याखाली ओली जमीन दिसली. मी तोटी घट्ट केली आणि पायाने कोरडी माती वर सारली. थोडंच गेलं असेल, असं मनाला सांगितलं. डबा उचलून पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी घाटात टाकी संपली आणि डबा रिकामा निघाला. आबा भर उन्हात गाडी ढकलत गेले. पोचेपर्यंत थर्मासातला बर्फ वितळला होता, लस वाया गेली होती. चिंचेखाली सकाळपासून गुरं धरून बसलेली माणसं परत गेली होती.

आबा माझ्यावर रागावले असते तर सोसलं असतं. ते मिस्त्रीवर रागावले. हळूहळू दवाखान्याचं काम दुसऱ्याकडे गेलं, आणि बाजारात लोक त्याला "काय मिस्त्री, गाळणी करतोस का?" असं विचारू लागले. मी ते ऐकत होते आणि जेवत होते.

आज तो स्वतःच आला होता. कंपाउंडरचं बोलणं त्याने पायरीवरून ऐकलं असावं. त्याने डबा सोडवून घेतला, पाणी भरलं आणि आईकडून राख मागून सांध्यांवर फासली. मग तो उकिडवा बसला. ऊन ओसरीवर चढेपर्यंत कोणी उठलं नाही.

"डॉक्टरसाहेब, राख देखा. कोरडीच शे."

"उन्हात पत्रा पसरत असेल," आबा म्हणाले.

"मंग उन्हातच ठेवा." त्याने डबा अंगणाच्या मध्यावर नेला. कंपाउंडर हसला. "पेट्रोल काय भुताने प्यायलं, मिस्त्री?"

मिस्त्रीने मान खाली घातली. राखेने भरलेली बोटं धोतराला पुसली. "तेच तं इचारस मी भाऊ. पेट्रोल गयं कथं?"

ते हात पाहून मला दाराआड राहवेना. मी बाहेर आले. वाक्य मनात जुळवलं नव्हतं.

"मिस्त्रीकाका, डबा गळत नव्हता. आबा, तोटी मी उघडली होती. ओल दिसली तेव्हा वर माती सारली, तीही मीच."