होडीला ब्रेक नसतो

मास्तरांचा उजवा पाय त्यांचं ऐकत नसे. मास्तर शाळेतले नव्हेत, गाडी शिकवणारे. उभं आयुष्य शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर गेलं. तिथे गाडीला एक जादा ब्रेक असतो, त्यावर त्यांचा पाय. सवय अशी हाडीमाशी खिळली की बस असो, टॅक्सी असो, दुसरा कोणी चालवतोय म्हटलं की यांचा पाय जमीन दाबायला लागायचा. लग्नानंतर दोघं फिरायला निघाले तेव्हा नवी नवरी खिडकीशी, आणि हे महाशय अख्खा प्रवास ड्रायव्हरच्या मानेवर डोळे रोखून टक्क जागे. चालत्या वाहनात मास्तरांचा डोळा म्हणून कधी लागला नाही. लोक हसायचे. बायकोला मात्र हसू येत नसे.

ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. पेशंटचं नाव पुकारायचं आणि जीव मुठीत धरून बसलेल्याला गोड बोलून खुर्चीपर्यंत न्यायचं, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. अशा बाईला एकदा मास्तरांनी गाडी शिकवायला घेतली होती. मोकळा रस्ता, आणि कुंपणावरून अजून खालीही न उतरलेल्या मांजरासाठी त्यांनी तिच्या हातातलं स्टिअरिंग ओढलं. ती खाली उतरली आणि चालत घरी आली. नवऱ्याला आपण बिनकामाच्या वाटतो, ही गाठ तिच्या मनात तेव्हापासून बसली.

लग्नाचा वाढदिवस शनिवारी आला. तिच्या भावाची छोटी शिडाची होडी होती आणि समोर बेट होतं; तिथे एक रात्र राहून रविवारी परतायचं ठरलं. माहेरी असताना ती त्याच होडीवर वाढली होती. धक्क्यावर पाय ठेवतानाच तिनं नवऱ्याला बजावलं, "सुकाणू माझ्या हातात राहील. एकदा जरी हात लावलात तर उद्या मी लाँचने परत येईन आणि पुन्हा तुमच्या शेजारी बसून कुठेही जाणार नाही."

ती गंमत करत नव्हती, हे मास्तरांना कळलं. वाढदिवसाच्या केकचं खोकं पायांसमोर ठेवून ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

वारा छान होता. शीड भरलं, होडी सुटली. तिचा चेहरा असा उजळला होता की मास्तर निम्मा वेळ समुद्राऐवजी तिच्याकडेच बघत होते. बेटाचा धक्का जवळ येईपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग मात्र मास्तरांचं धाबं दणाणलं. होडी सरळ दगडी भिंतीवर चालली होती आणि बायको शांत होती. हात मांडीखालीच राहिले, पण उजव्या पायाला कोणी अट घातली नव्हती. तो उचलला गेला आणि सगळ्या ताकदीनिशी समोरच्या केकच्या खोक्यात घुसला.

त्याच क्षणी तिनं होडीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं. शीड फडफडलं, वेग संपला, होडी अलगद धक्क्याला टेकली.

"हात नाही लावला," मास्तर म्हणाले. बूट घोट्यापर्यंत क्रीममध्ये होता.

"आणि हे काय?"

"पायाचं आपलं काही ठरलं नव्हतं."

ती हसायची थांबेना. केकचा शाबूत राहिलेला कोपरा त्यांनी बेटावरच्या भाड्याच्या खोलीत, खिडकीत बसून खाल्ला. खाता खाता तिनं विचारून टाकलं, "माझ्यावर एवढाही भरवसा नाही का हो?"

मास्तर बुटाची लेस साफ करत होते. "भरवशाचं नाही गं. भीती वाटते. दुसऱ्याच्या हातात गाडी असली की आता आदळणार असंच वाटतं. आणि तू असलीस की जास्त. तुला काही झालं तर मी काय करू?"

दवाखान्याच्या दारातूनच तिला घाबरलेला माणूस ओळखू यायचा, आणि घरातला इतकी वर्षं ओळखता आला नव्हता. तिला स्वतःचा रागही आला आणि नवऱ्याची मायाही आली.

रविवारी परत निघताना तिनं पेशंटशी बोलावं तसं सुरू केलं. "आता मी डावीकडे वळवणार आहे. होडी जरा कलेल, ते बरोबर आहे. आता सरळ." मास्तर "बरं" म्हणत होते. पाय आधी दाबत होता, मग नुसता हलत होता. हळूहळू "बरं" येणं बंद झालं. रुसले की काय, म्हणून तिनं वळून पाहिलं.

मास्तर झोपले होते. तोंड उघडं, मान एका बाजूला, आणि उजवा पाय सैल पडलेला.

धक्का समोर आला. भाऊ दोर झेलायला उभा होता, हाक मारायला त्यानं तोंड उघडलं. तिनं मान हलवून त्याला गप्प केलं, सुकाणू अगदी हळू वळवलं आणि होडी पुन्हा मोकळ्या समुद्रात नेली.