उजव्या शिंगावर, वर!

पौष पौर्णिमेच्या अलीकडचा रविवार. गावी, शेणव्याच्या घरी हजर : सासूबाई, माझे यजमान विलास, नणंद कुंदाताई आणि मी. आबांच्या वस्तू कोणाला द्यायच्या ते ठरवायचं होतं. धोतरं, काठी, चष्मा... भराभर ठरलं. मग विलास म्हणाले, “आणि आवाज?”

माझे सासरे आबा दिवाळीनंतर गेले. त्यांचा आवाज माझ्या विमानात आहे. मी मुरबाडजवळच्या एका खासगी धावपट्टीवरून दोन आसनांचं छोटं विमान हौसेनं उडवते. त्यात एक डबी आहे. आसपासच्या विमानांचे संदेश पकडून ती हेडफोनमध्ये बोलते : दोन वाजता, वर. म्हणजे घड्याळात दोनचा आकडा असतो त्या दिशेला, आपल्यापेक्षा उंचावर, विमान आहे. स्क्रीनमध्ये डोकं घालावं लागत नाही, नजर बाहेर राहते.

आबा पहिल्यांदा शेजारी बसले, तेव्हा डबीतली इंग्रजी बाई बोलली. मी अर्थ सांगितला.

“दोनला काय हाय? जेवाण?” आबा म्हणाले. “आकडं कसलं मोजतेस गो सुमन? बैलांच्या मागं बसल्यावानी सांग. उजव्या शिंगावर!”

त्यांची हयात बैलगाडी हाकण्यात गेलेली. म्हसा गावच्या जत्रेच्या गर्दीतून गाडी काढताना मागे बसलेला माणूस असाच ओरडायचा : डाव्या शिंगावर, उजव्या शिंगावर, शेपटीकडं. गाडीवानाला विचार करावा लागत नसे, मान आपोआप वळायची.

डबीत आपला आवाज भरता येत होता. मी वाक्यांची यादी केली, विलासनी मोबाइल धरला, आबा ओटीवर बसले. प्रत्येक वाक्य ते खरोखरच कोणाला तरी हाक मारावी तसं ओरडायचे. सासूबाई आतून म्हणाल्या, “आवो, गाव गोला होईल!” शेवटी खोकला लागला. “येक ऱ्हायलं ना? मंग सांगतो.” आणि उठताना म्हणाले, “डबी नाय बोलली म्हणून कोन नाय, असं समजू नको. समद्यांच्या गाडीला घुंगरं नसतात.” खरंच होतं. ज्या विमानातून संदेशच निघत नाही, ते डबीला कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी विमानातून म्हसा गावावरून परतत होते. धुरकट हवा, ऊन डोळ्यांवर. एकदम कानात आबा : “उजव्या शिंगावर, वर!” मान वळली. एक पांढरं विमान खाली उतरत माझ्याच वाटेवर येत होतं. मी उजवीकडे वळून त्याच्या मागून निघाले. उतरून घरी सांगितलं तेव्हा आबांनी एवढंच विचारलं, “आवाज बराबर आला ना?”

आवाज तसाच ठेवायचा, असं रविवारी ठरलं. सासूबाईंना तो ऐकायचा होता. विलासनी लावला. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, “वरडतो कसा बग!”

राहिलेलं वाक्य ‘डाव्या शिंगावर, खाली’. तिथे अजून ती इंग्रजी बाईच बोलते. विलास म्हणतात, मी बोलतो. कुंदाताई म्हणतात, आईला बोलू दे. यादीतली ती ओळ मी अजून खोडलेली नाही. तोवर विमानात बसले की सगळ्यांत आधी डावीकडे खाली बघते.