धप्पबाईंचे कान

माझ्या मुलीच्या शाळेत फुटबॉल शिकवणाऱ्या बाईंना सगळ्या मुली धप्पबाई म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. बाईंना ते माहीत आहे आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. मूळच्या त्या गणिताच्या. मुलींचा संघ घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा तो यांच्या गळ्यात पडला. बारीक कापलेले केस, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि आवाज असा की मैदानापलीकडचं कुत्रंसुद्धा खाली बसावं.

सरावाची पहिली पंधरा मिनिटं बाई चेंडू दिसूसुद्धा देत नाहीत. एका पायावर उभं राहा, अर्धं बसा, पळत येऊन थांबा, उडी मारून उतरा. उतरताना गुडघे वाकलेले हवेत आणि पावलांच्या रेषेत हवेत, आत पडता कामा नयेत. "गुडघे म्हणजे दोन जावा," बाई ओरडतात. "जवळ आल्या की भांडण!" मग त्या मुलींकडे पाठ करून उभ्या राहतात आणि नुसतं ऐकतात. जी नीट वाकून उतरते तिचा आवाज हलका येतो. जिचा पाय ताठ, तिचा धप्प. बाई मागे न वळता नंबर सांगतात. "चार, धप्प. पुन्हा!"

आम्ही आया कुंपणाशी उभ्या राहून हसायचो. "फुटबॉल शिकवतायत की बेडूकउड्या?" हे वाक्य माझंच. माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या घरात कुणीही सांगेल.

माझी मुलगी सात नंबर. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण चेंडू घेऊन ती जागच्या जागी अशी वळते की समोरची बिचारी बघतच राहते. पंधरा वर्षांची आहे. त्या शनिवारी निवड समितीची माणसं सामना बघायला येणार होती. क्रीडा वसतिगृहात एकच जागा होती आणि पुढच्या वर्षी हिचं वय बसणार नव्हतं. आणि गुरुवारी ही शाळेच्या जिन्यावरून उतरताना उजवा गुडघा मुरगळून घरी आली.

सूज म्हणावी तर थोडीच होती. मी दोन दिवस बर्फ लावला, पट्टी बांधली. "बाईंना सांगायचं का?" तिने विचारलं. "गप्प बस," मी म्हणाले. "हातातोंडाशी आलेला घास घालवायचाय का?" खोटं कशाला बोलू, हे मीच म्हणाले.

पण बाईंच्या कानांचं काय करायचं? मी बुटांच्या कारखान्यात आहे. बारा वर्षं बुटाच्या आतल्या फोमच्या गाद्या कापते आणि शिवते. शुक्रवारी दुपारी मी सगळ्यात मऊ फोमचे दोन थर घेतले, कडेने बारीक टाका घातला आणि ती गादी भिंगरीच्या सरावाच्या साध्या बुटांपैकी उजव्यात बसवली. म्हटलं, आता ऐका किती ऐकायचंय ते! स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की आज आठवलं तरी कानशिलं तापतात.

शनिवारी मुलींच्या वेण्या घालायच्या निमित्ताने मी कपडे बदलायच्या खोलीत शिरले. लाकडी फळ्यांची जमीन, घामाचा आणि मलमाचा वास. शिट्टीला पंचवीस मिनिटं उरलेली. खिळ्यांचे बूट भिंतीशी ओळीने ठेवलेले, कारण बाई आधी साध्या बुटांतच उड्या घेतात. बाईंनी पाठ फिरवली. "एका पायावर. आधी डावा, मग उजवा. एकेक जण."

चोराच्या मनात चांदणं. माझ्या हातातली वेणी तीनदा सुटली. पाच झाली, सहा झाली. भिंगरीने डाव्या पायावर उडी मारली, हलकीच उतरली. मग उजव्या. काहीच आवाज आला नाही. मी श्वास सोडला.

"सात," बाई म्हणाल्या. "पुन्हा उजवा."

तिने पुन्हा मारली. बाई वळल्या. बाई अशा मधेच कधी वळत नाहीत, असं नंतर मुली सांगत होत्या. "इतकं मऊ कुणी उतरत नाही गं," बाई म्हणाल्या. "मांजरसुद्धा नाही. बूट काढ."

बूट काढला. बाईंनी बोट घालून गादी ओढली.

"कुणी घातली ही?"

"मीच," भिंगरी म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

देवा रे! माझी पोर माझ्यासाठी खोटं बोलत होती आणि मी हातात कंगवा धरून उभी होते. ते टाके कुणाचे आहेत हे कारखान्यातलं शेंबडं पोरही सांगेल. "मी घातली, बाई," मी म्हणाले. "तिचा गुडघा दुखतोय. गुरुवारपासून. हिची काही चूक नाही. पण आज एक दिवस खेळू द्या. एकच दिवस. तुमच्या पाया पडते."

मला वाटलं आता माझी खरडपट्टी निघणार. बाई बाकावर बसल्या. "अकरा वर्षांत माझ्या संघातला एकच गुडघा गेला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी धप्प ऐकलं होतं. तरी पाठवलं. तिची आईसुद्धा अशीच समोर उभी होती. कुणी धक्का दिला नाही, कुणी पाडलं नाही. पोरगी वळली आणि खाली बसली. पुन्हा कधी खेळली नाही." त्यांनी घड्याळात बघितलं. "ताई, इकडे या. भिंतीकडे तोंड करा. मी काही बोलणार नाही. तुम्ही सांगाल तसं करू."

मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर जुन्या संघांच्या याद्या होत्या, एक अक्षर वाचता येईना. मागे अनवाणी पायांची चाहूल आली. बाहेर मैदानावर कुणीतरी माईक तपासत होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बाळा, वाक. वाक गं माझी राणी.

डावा. हलका.

उजवा.

बारा वर्षं मी यंत्रांच्या खडखडाटात काम करते, माझे कान काही बाईंसारखे नाहीत. तरी ऐकू आलं. फळी ताठ वाजली आणि त्यामागोमाग पोरीने दाबलेलं कण्हणं. सगळ्या मुली माझ्याकडे बघत असणार. हलका होता म्हणायला काय लागत होतं? बाईंनी शब्द दिला होता, त्यांनी पाठवलं असतं.

"धप्प," मी म्हणाले आणि रडू फुटलं.

सामना आम्ही हरलो. वसतिगृहाची जागा समोरच्या संघातल्या एका मुलीला मिळाली, चांगली खेळली ती. डॉक्टरांनी गुडघा दाबून, वाकवून बघितला आणि सहा आठवडे सांगितले. खेळली असती तर काय झालं असतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित काहीच झालं नसतं. घ्या! आता हे वाक्य मी कुठे ठेवू? कितीतरी रात्री ते माझ्या उशाशी होतं.

भिंगरी माझ्याशी कामापुरतं बोलायची. ताट घेऊन खिडकीशी बसायची. बाई मात्र दर बुधवारी शाळा सुटल्यावर घरी यायच्या, तिच्याकडून व्यायाम करून घ्यायच्या, चहा न घेताच जायच्या.

सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी उड्या मारायला परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. भिंगरी स्वयंपाकघराच्या दारात आली, चपला काढल्या, फरशीवर उभी राहिली.

"आई, पाठ फिरव," ती म्हणाली. "आणि खरं सांग."